गावाच्या पाण्याचा ताळेबंद फलकावर कसा मांडावा

ऑक्टोबरात विहिरी भरलेल्या असतात आणि रब्बीत काय पेरायचं हे घराघरांत ठरत असतं. गावाच्या पाण्याचा हिशेब लोकांसमोर ठेवायला याच्याइतकी चांगली वेळ नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं हेच केलं. पावसाळा संपला की पाणी मोजायचं आणि त्यावरून पिकं ठरवायची. अटल भूजल या केंद्र सरकारच्या योजनेतल्या गावांतही असे ताळेबंद झाले, पण बरेचसे फायलीतल्या तक्त्यातच राहिले. कष्टानं काढलेले आकडे असे पडून राहिलेले पाहून जीव तुटतो. मी असे फलक करते, आणि अनुभवानं बसलेली पद्धत इथे देते आहे.

आधी ठराव, मग चित्र

फलक पाहून ग्रामसभेनं काय ठरवायचं, हे एका वाक्यात लिहून काढा. ‘उन्हाळी पीक किती एकरांवर घ्यायचं’, ‘नव्या उसाला ठिबक सक्तीचं करायचं का’, असं काहीतरी. विषय एकच ठेवा. या वाक्याला उपयोगी नसलेला आकडा कितीही आवडला तरी फलकावर घेऊ नका. ‘पाणी हेच जीवन’ असं लिहिलेल्या फलकामुळे एकही मोटर बंद झालेली मी पाहिलेली नाही.

आकडे गोळा करा

लोकसंख्या ग्रामपंचायतीकडे मिळते, क्षेत्र तलाठ्याकडे, पिकांखालची जमीन ई-पीक पाहणीतून. पाऊस महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून घ्यावा लागतो, पण मंडळाच्या गावी पडलेला पाऊस तुमच्या शिवारात पडलेला असेलच असं नाही. म्हणून गावातल्या चार-पाच विहिरींची पाणीपातळी दोरी सोडून स्वतः मोजा. किती पाणी मुरतं हे मात्र भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकांना विचारा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा आहे. एकसंध कातळात फारसं काही मुरत नाही, भेगाळ आणि झिजलेल्या खडकात बऱ्यापैकी मुरतं. शेजारच्या गावाचा आकडा उचलून चालत नाही.

आकडा टँकरमध्ये बदला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘दशलक्ष घनमीटर’ वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. टँकर मात्र सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यासाठी रांगेत हंडे लावलेले असतात.

एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. हेक्टरमध्ये 10,000 चौरस मीटर, म्हणजे एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पडला की 10,000 लिटरचा एक टँकर भरला. आता 1,000 हेक्टरचं, 2,000 वस्तीचं गाव धरा. 500 मिलिमीटर पाऊस झाला तर शिवारावर 5 लाख टँकर पाणी पडलं. त्यातलं बरंच वाहून जातं, बरंच उडून जातं, काही खरिपाची पिकं घेतात. उरलेलं खाली मुरतं.

माणशी रोज 55 लिटर हे जलजीवन मिशनचं प्रमाण धरलं, तर गावाला दिवसाला 11 टँकर लागतात, वर्षाला सुमारे 4,000. पाटानं पाणी दिलेल्या उसाला हंगामात साधारण 2,000 मिलिमीटर लागतं असं धरा, म्हणजे हेक्टरी 2,000 टँकर. दोन हेक्टर, जवळपास पाच एकर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्यावापरण्याचं पाणी सारखंच! एक चित्र म्हणजे हजार टँकर, असं धरून डावीकडे चार टँकर काढा आणि खाली गाव. उजवीकडे चार टँकर आणि खाली पाच एकर. झाला फलक.

पण उसावर लाल फुली मारू नका. ज्याचा ऊस आहे तोही त्याच सभेत बसलेला असतो, त्याच्यावर कर्ज असतं, कारखान्याला नोंद दिलेली असते. त्याला आरोपी केलं की चर्चा पाण्यावरून माणसांवर जाते. तोच ऊस ठिबकवर किती टँकरांत येतो, हे तिसरं चित्र त्याच्यासाठी काढा. तो आकडा त्याच भागातल्या ठिबकवाल्या शेतकऱ्याकडून आणि कृषी सहायकांकडून पडताळून घ्या.

पारावर दाखवा

संगणकाला हात लावण्याआधी खाकी कागदावर स्केचपेननं काढा आणि पारावर घेऊन जा. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘यात काय दिसतंय?’ असं विचारा आणि गप्प बसा. एकदा मी जमिनीचा छेद, म्हणजे जमीन उभी कापल्यावर आत काय दिसेल ते चित्र, काढताना खाली निळा पट्टा रंगवला होता. एक आजोबा म्हणाले, “एवढं मोठं तळं हाय व्हय आपल्या खाली? मग कशाची काळजी?” चूक माझीच होती. घरी येऊन पट्टा खोडला, काळा कातळ काढला आणि त्याच्या भेगांतून निळे बारीक दोरे सोडले. तेव्हापासून छेद असाच काढते.

ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथेही हा कागद न्या. हंडा किती लांबून येतो याचा हिशेब तिथे मिळतो.

अक्षर, रंग, छपाई

दहा फुटांवरून वाचायचं अक्षर निदान एक इंच उंच हवं. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे मोफत युनिकोड फॉन्ट ठसठशीत आहेत. मराठी वळणाचा ल आणि श येतो का, ‘दुसऱ्या’मधला ऱ्य नीट जुळतो का, हे आधी तपासा. रंग निवडताना गावातल्या कुठल्याही पक्षाच्या झेंड्याचा वाटणार नाही असा घ्या. पाण्याला निळा, बाकी मातीचे रंग आणि काळा एवढं पुरतं.

छपाईला मूळ फाइल कधीच देऊ नका. बऱ्याच दुकानांत अजून जुन्या, युनिकोडआधीच्या फॉन्टवर काम चालतं. माझ्या एका फलकावर ‘विहीर’ची वेलांटी व-च्या पुढे जाऊन पडली आणि ‘पर्जन्यमान’चा रफार सुटून र पाय मोडून उभा राहिला. सहा बाय चारचा फ्लेक्स वाया गेला. अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून पीडीएफ द्या आणि आधी ए-फोर कागदावर नमुना काढून घ्या. जमलं तर फ्लेक्सऐवजी कापडावर छापा, किंवा पेंटरकडून शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या.

सभेत

फलक आदल्या संध्याकाळीच लावा, म्हणजे लोक येता-जाता पाहतात आणि रात्री त्यावर बोलतात. ठरावाचा मसुदा लिहून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आधीच द्या. सभेत आकडे तुम्ही वाचू नका, ज्यांच्या विहिरी मोजल्या त्यांना वाचू द्या.

फलकाच्या खालची एक फूट पट्टी फळ्याच्या काळ्या रंगानं रंगवून मोकळी ठेवा. जानेवारी, मार्च, मे असे रकाने आखा. शेजारी खडू बांधून ठेवा आणि विहीर मोजायची दोरी शाळेतल्या सातवीच्या वर्गाकडे द्या.