घटस्फोटानंतर माहेरी राहायला जाताना

माहेरपण चार दिवसांचं असतं, राहणं वेगळं. नंतरच्या बहुतेक कुरबुरी या दोन्हींची गल्लत झाल्याने होतात. म्हणून सामानाचा टेम्पो सांगण्याआधी आई-बाबांसोबत तासभर बसा. घरात भाऊ-वहिनी असतील तर तेही हवेतच. आई-बाबा ‘ये’ म्हणाले की झालं, असं धरू नका. रोज ओटा वाटून घ्यायचा असतो तो वहिनीला. झोपायची जागा, कपाट, सकाळी स्वयंपाकघर कुणाकडे, घरखर्चात वाटा किती, हे त्याच बैठकीत ठरवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा बसायची तारीखही.

‘तुझ्याकडून कसले पैसे घ्यायचे?’ असं आई म्हणणारच. मग रोख देऊ नका, बिलं उचला: लाइट बिल, सिलिंडर, दूध. अधूनमधून आणलेली भाजी-फळं कुणाच्या हिशेबात राहत नाहीत. दर महिन्याला भरलेलं बिल राहतं.

कागदपत्रांत पहिलं काम म्हणजे कोर्टातून घटस्फोटाच्या हुकूमनाम्याच्या (डिक्रीच्या) तीन-चार प्रमाणित प्रती काढणं. झेरॉक्सवर अनेक ठिकाणी काम अडतं. माहेरचं आडनाव परत लावायचं असेल तर आधी आधार, मग पॅन, मग बँक आणि पीएफ. क्रम चुकला की नावं जुळत नाहीत आणि पैसे अडकतात. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर एकदा बदललं असेल तर आता स्पेलिंगसुद्धा दोनदा तपासा.

पत्त्याचा पुरावा स्वतःच्या नावावर नसेल तर कुटुंबप्रमुख म्हणून वडिलांच्या किंवा आईच्या आधारवरून पत्ता बदलता येतो. त्यांनी तीस दिवसांत ऑनलाइन संमती द्यावी लागते आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येतो. त्यांच्या आधारला जुना, बंद पडलेला नंबर असेल तर अर्ज तिथेच संपतो, म्हणून तो आधी बदलून घ्या. रेशनकार्डासाठी जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, मतदार यादीसाठी नमुना 8. बँक, विमा, पीएफ यांतलं नवऱ्याचं नामांकन आपोआप जात नाही, ते तुम्हालाच बदलावं लागतं.

एकरकमी पोटगी मिळाली असेल तर ती फक्त स्वतःच्या नावाच्या मुदतठेवीत ठेवा. भावाच्या फ्लॅटला किंवा धंद्याला ‘सध्यापुरती’ दिलेली रक्कम परत मागताना नातंच पणाला लागतं. पहिलं वर्षभर तरी ती ठेव मोडू नका.

हक्कसोडपत्रावर सही मागितली गेली तर घाई अजिबात नको. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मतः आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तेच स्पष्ट केलं. लग्नाने किंवा घटस्फोटाने तो जात नाही. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर मात्र त्यांच्या मर्जीचं. तिथे राहायला मिळालं म्हणजे मालकी मिळाली असं नाही, आणि आसरा दिला म्हणून हक्क सोडावा असंही नाही. सही करण्याआधी कागद स्वतःच्या वकिलाला दाखवा.

मूल सोबत असेल तर ताब्याचा आदेश नीट वाचा. दर रविवारी पुण्यात भेट लिहिलेली असेल आणि माहेर नागपूरला असेल, तर निघण्याआधी कोर्टात बदलासाठी अर्ज करा. नंतर केलेल्या अर्जात आदेश मोडल्याचा ठपका तुमच्यावर येतो.