मानेतल्या नोडची नुसती साइज बघू नका

फर्स्ट इयरवाल्यांनो, सोनोग्राफीचा प्रोब धरायला तुम्हाला येतंच, त्यामुळे ते सोडून देतो. नवी मुंबईत रेडिओलॉजीची रेसिडेन्सी करताना झालेली एक चूक अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

ऐरोलीहून एक काका आले होते, कितीतरी वर्षं तंबाखू, जिभेच्या कडेला न भरणारी जखम. मानेत लेव्हल टूला, म्हणजे वरच्या भागात जबड्याखाली, एक नोड (लिम्फची गाठ), 7 मिमी. जेल पुसता पुसता त्यांनी विचारलं, "डॉक्टर, गाठ बारीक आहे ना, मग काळजी नाही ना?" मी म्हणालो, "नाही काका." रिपोर्टमध्ये सबसेंटीमीटर, नॉन-सिग्निफिकंट लिहिलं आणि पुढचा पेशंट घेतला. सर्जनना पटलं नाही, त्यांनी एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी) करून घेतली, त्यात स्क्वॅमस कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर निघाला. इमेज परत उघडली तर नोड चेंडूसारखा गोल, आतला पांढरा हायलम, म्हणजे नोडच्या मधला चरबीचा भाग, गायब. सगळं समोरच होतं, मी कॅलिपरचा आकडा बघत बसलो होतो.

म्हणून परत परत सांगतो, आधी आकार आणि हायलम बघा, मिमी नंतर. नॉर्मल नोड राजम्याच्या दाण्यासारखा लांबट, मध्ये चरबीचा पांढरा पट्टा, डॉपलरवर (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या मोडवर) रक्तवाहिनी तिथूनच आत शिरते. कॅन्सरचा नोड गोल होत जातो, हायलम पुसला जातो, वाहिन्या कडेकडेने दिसतात. मोजायची ती आखूड बाजू, आणि ती लांबीच्या निम्म्याहून जास्त भरली की सावध व्हा. पण सबमँडिब्युलर (जबड्याखालचे) आणि पॅरोटिडमधले (कानापुढच्या लाळग्रंथीतले) नोड मुळातच गोलसर असतात, तिथे नुसत्या गोलाईवरून कोणाला घाबरवू नका. जांघेतला नोड अडीच सेंटीमीटर लांब असला तरी हायलम ठळक आणि कॉर्टेक्स (बाहेरचा थर) पातळ असेल तर बहुतेक वेळा काही नसतं, पायाला जखम झाली की अवधाण येतं हे घरातल्या आजीलाही माहीत असतं.

टीबी आपल्याकडे विसरूच नका, एकमेकींना चिकटलेल्या गाठी, मध्ये नेक्रोसिस, म्हणजे मेलेला भाग. डॉपलरला प्रोब दाबू नका, दाबला की बारीक वाहिन्यांचा फ्लो दिसेनासा होतो. लिम्फोमाचा (लिम्फच्या पेशींच्याच कॅन्सरचा) संशय असेल तर एफएनएसीवर भागत नाही, बायोप्सी सुचवा.

टेलिग्रामवरचे एका पानाचे चार्ट मला अजिबात आवडत नाहीत, त्यात सगळ्या नोडना एकच कटऑफ असतो. आणि हातातला प्रोब काढून घेऊन स्वतःच रिपोर्ट सांगणाऱ्या सीनियरपेक्षा "हायलम दाखव" म्हणून थांबणारा सीनियर धरा. सुरुवातीचे काही महिने हायलम पटकन दिसत नाही, माझंही तसंच होतं, घाबरू नका. मी एक वही केली, डावीकडे माझा अंदाज, उजवीकडे पॅथॉलॉजीचा रिझल्ट. रिझल्ट आपणहून कोणी आणून देत नाही, जिना चढून जाऊन विचारावा लागतो.