मोटारसायकल शिकताना या चुका टाळा

भर चौकात गाडी दोनदा बंद पडली आणि मागून हॉर्न वाजू लागले की नवशिका स्वार साधारणपणे दोनपैकी एका निष्कर्षावर येतो: एक तर गाडीतच काहीतरी बिघाड आहे, नाही तर आपल्याला हे जमणारच नाही. दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात. सुरुवातीच्या बहुतेक अडचणींचे मूळ क्लचवरच्या हातात, चुकीच्या ठिकाणी खिळलेल्या नजरेत किंवा कोणी दाखवून न दिलेल्या एखाद्या किरकोळ सेटिंगमध्ये असते.

सुरू होत नाही म्हणून लगेच बिघाड समजणे

स्टार्टरचे बटण दाबूनही इंजिन फिरत नसेल, तर आधी उजव्या मुठीजवळचा किल स्विच, म्हणजे इंजिन तात्काळ बंद करणारे बटण, पाहावा. गाडी पुसताना किंवा हातमोजे घालताना तो नकळत बंद होतो. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, हे पाहून क्लच पूर्ण दाबावा, कारण अनेक गाड्या गिअरमध्ये असताना क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत. इंजिन न्यूट्रलमध्ये व्यवस्थित चालते, पण पहिला गिअर टाकताच बंद पडते, अशी तक्रार असेल तर बहुधा साईड स्टँड खाली राहिलेला असतो. स्टँड वर असूनही असेच होत असेल, तर त्याच्या स्विचमध्ये चिखल बसला असण्याची शक्यता तपासावी. कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) जुन्या गाडीत पेट्रोल सुरू-बंद करणारा कॉक आणि थंड इंजिन सुरू करण्यासाठी ओढायचा चोक, या दोन गोष्टी यादीत वाढतात. बटण दाबल्यावर नुसता टकटक आवाज येऊन दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे. अशा वेळी बटण दाबून धरल्याने ती आणखी उतरते.

क्लच एकदम सोडणे

गाडी उचलताना बंद पडण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. क्लचचा लिव्हर पूर्ण दाबलेला आणि पूर्ण सुटलेला, या दोन टोकांच्या मध्ये एक छोटा टप्पा असतो, जिथे क्लच पकड घेऊ लागतो आणि गाडीला पुढे सरकण्याची ओढ येते. नवशिका स्वार नेमका हाच टप्पा झटक्यात ओलांडतो. त्यावरचा सराव अगदी साधा आहे: सपाट, मोकळ्या जागेत पहिला गिअर टाकून, रेस अजिबात न देता, क्लच इतक्या सावकाश सोडावा की गाडी स्वतःहून सरकू लागेल, आणि ती सरकताच पुन्हा दाबून थांबावे. पकडीचा तो टप्पा हाताला न पाहता सापडू लागेपर्यंत रेस देण्याची घाई करू नये. बरेचजण याच्या उलट करतात. गाडी बंद पडेल या भीतीने भरपूर रेस देतात, मग क्लच सोडतात आणि गाडी उसळी घेते.

सराव करूनही सुधारणा दिसत नसेल, तर मात्र गाडीकडे वळावे. केबलचा क्लच असलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवलेली असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ही हालचाल फार जास्त असेल तर लिव्हर दाबूनही क्लचची पकड पूर्ण सुटत नाही, गिअर खडखडत पडतो, न्यूट्रल सापडत नाही आणि लिव्हर दाबलेला असतानाही गाडी पुढे रेटते. हालचाल अजिबात नसेल तर क्लच घसरतो, म्हणजे इंजिनचा आवाज वाढतो पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही. लिव्हरवर सतत बोटे टेकवून चालवण्याच्या सवयीनेही हेच होते आणि क्लच प्लेट लवकर झिजतात. जुनी गाडी विकत घेतलेल्यांनी तर पहिल्याच दिवशी लिव्हर आपल्या मनगटाच्या रेषेत येतील असे बसवून घ्यावेत, कारण ते आधीच्या मालकाच्या हाताला जुळवलेले असतात.

पुढच्या ब्रेकला घाबरणे

पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, हा समज इतका पक्का आहे की कित्येकजण केवळ पायाच्या ब्रेकवर विसंबून राहतात. प्रत्यक्षात ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके होते आणि त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढच्याच ब्रेकला करावे लागते. नुसता मागचा ब्रेक जोरात दाबल्यास हलके झालेले चाक जाम होऊन गाडी घसरते. पुढचा ब्रेक धोकादायक ठरतो तो झटक्याने आवळल्यास. आधी हलके दाबून वजन पुढे येऊ द्यावे आणि मग जोर वाढवत न्यावा. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीतही हीच सवय लावावी.

वेगाचा अंदाज चुकण्यामागे एक हिशेब आहे, तो प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावा. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला, असे धरले तर ताशी ३० किलोमीटर वेगात तेवढ्यातच सुमारे ८ मीटर अंतर जाते, आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे ५ मीटर लागतात. वेग ६० झाला की हेच आकडे अंदाजे १७ आणि २० होतात. वेग दुप्पट, पण ब्रेकचे अंतर चौपट. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते. पावसाच्या पहिल्या सरींनी रस्त्यावरचे तेल वर येते तेव्हा, तसेच रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे यांवर विशेष जपावे.

संथ वेगात खाली पाहणे

शिकताना पडण्याचे बरेच प्रसंग गाडी जवळजवळ थांबलेली असताना घडतात. हँडल वळवलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी क्षणात आतल्या बाजूला कलते, म्हणून अशा वेळी फक्त मागचा ब्रेक हलका वापरावा. अर्ध्या क्लचवर, म्हणजे पकडीच्या त्या टप्प्यावर, स्थिर रेसवर आणि जिथे पोहोचायचे आहे तिथे नजर ठेवून वळल्यास तोल सहज राहतो. पडत्या गाडीखाली पाय घालून ती सावरण्याचा मोह मात्र टाळावा. दीडशे किलोच्या गाडीपेक्षा घोटा महाग पडतो.

वळणात शिरल्यावर वेग कमी करणे

वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा असतो. वळणाच्या मध्यावर घाबरून ब्रेक आवळल्यास गाडी सरळ होऊन बाहेर जाते किंवा टायरची पकड सुटते. साधारण ताशी २५ किलोमीटरच्या पुढे गाडी वळते ती ज्या बाजूला जायचे त्या बाजूची मूठ पुढे रेटल्याने. हे ऐकायला उलटे वाटते, पण मोकळ्या जागेत हलक्या दाबाने करून पाहिल्यास लगेच पटते. खड्ड्याकडे पाहत राहिल्यास गाडी खड्ड्यातच जाते, हा अनुभव तर प्रत्येक सायकलस्वारालाही असतो.

मुठी घट्ट आवळणे ही यातली चोरटी चूक आहे. हात बधिर होतात, हँडल थरथरल्यासारखे वाटते आणि खड्ड्याच्या धक्क्याबरोबर नकळत रेस वाढते. टाकी गुडघ्यांनी धरून खांदे आणि कोपरे सैल ठेवली की गाडीतला हा ‘दोष’ बहुधा नाहीसा होतो. तरीही हँडल एका बाजूला ओढत असेल, तर टायर थंड असताना हवा तपासावी आणि चेन ओढताना मागचे चाक सरळ बसवले होते का, हे पाहून घ्यावे.

इंडिकेटर वळणानंतर बहुतेक गाड्यांमध्ये आपोआप बंद होत नाही, हेल्मेटचा पट्टा न लावल्यास ते डोक्यावर टिकत नाही, आणि नवे टायर सुरुवातीला निसरडे असतात. डबलसीट चालवण्याची घाईही करू नये, कारण मागे बसणाऱ्याच्या वजनाने ब्रेकचे अंतर, वळण आणि थांबतानाचा तोल ही सगळीच गणिते बदलतात. पहिल्यांदा कोणाला बसवायचे असेल तर मोकळ्या रस्त्यावर, आधी टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे वाढवून, आणि थांबताना दोन्ही पाय टेकण्याची सवय पक्की झाल्यावरच.