नवा कॉम्प्युटर घेण्याआधी जुन्यावर गरज मोजा

पुण्यात टिळक रोडवर कॉम्प्युटर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आपली गरज किती, हे मात्र आपल्यालाच ठाऊक नसतं. ते घरूनच बघून जा.

१. जुन्या विंडोजवर रोजचं सगळं एकदम उघडा: ब्राउझरचे नेहमीचे टॅब, एक्सेल, टॅली, मुलांचा ऑनलाइन क्लास.
२. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर जा.
३. मेमरी (म्हणजेच रॅम) किती जीबी वापरात आहे ते लिहून घ्या. ५-६ असेल तर ८ जीबीत आज भागेल, पण चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर १६च घ्या. जुन्यात मुळात ४ असून ती काठोकाठ भरली असेल, तर खरी गरज त्याहून जास्त आहे.
४. सी ड्राइव्ह किती भरलाय? त्याच्या दुप्पट एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान ड्राइव्ह) बघा.

त्याच 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) बहुतेक वेळ निवांत दिसत असेल तर महागड्या प्रोसेसरचा आग्रह सोडा, तेच पैसे रॅमवर लावा.

लॅपटॉप घेताना एक विचाराच: रॅम नंतर वाढवता येते का? बऱ्याच पातळ मॉडेलांत ती बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते.