घरच्या हवामान केंद्राचं तापमान बिनचूक कसं मिळवाल?

सेन्सर गच्चीच्या कठड्याला ठोकला की आकडा बिघडलाच. तापलेला स्लॅब रात्रीही उष्णता सोडत राहतो. जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर, शक्यतो गवतावर, खांबाला लावा. वर पांढऱ्या झुकत्या पट्ट्यांची पेटी हवी: ऊन अडेल, पण वारा खेळेल अशी. भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा चालत नाही, दुपारी त्याची भट्टी होते. आकडे पाठवणारा वाय-फाय बोर्ड पेटीबाहेरच ठेवा, तोही तापतो.

जलरोधक डीएस१८बी२० (तापमान मोजणारा सेन्सर) असेल तर त्याच्या अचूकतेची तपासणी सोपी. चुरलेल्या बर्फात बर्फ जेमतेम भिजेल एवढंच पाणी घाला, प्रोब (सेन्सरचं टोक) मधोमध धरून ढवळत राहा, आकडा स्थिरावू द्या. शून्याऐवजी ०.४ अंश दिसलं तर नोंदींतून तेवढं वजा करा. बीएमई२८० (तापमानासोबत आर्द्रता आणि हवेचा दाबही मोजणारा सेन्सर) मात्र पाण्यात बुडवू नका. पेटीच्या पट्ट्या अधूनमधून पुसा. मळलेला पांढरा रंग ऊन जास्त शोषतो.