रक्ताच्या रिपोर्टवरून शरीराचं 'खरं वय' काढताय? आधी या चुका टाळा

हल्ली बरेच जण ब्लड रिपोर्ट हातात आला की आकडे ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये टाकतात आणि 'बायोलॉजिकल एज' बघून एकतर खूश होतात नाहीतर झोप उडवून घेतात. यातले बरेच कॅल्क्युलेटर फेनोएज नावाच्या फॉर्म्युल्यावर चालतात. संशोधक मॉर्गन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी तो 2018 मध्ये मांडला. त्यात तुमचं वय आणि रक्तातल्या नऊ गोष्टी लागतात: अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनीने गाळायचा पदार्थ), ग्लुकोज, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन), लिम्फोसाइटचे टक्के, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार), आरडीडब्ल्यू (त्या पेशींच्या आकारातला फरक), अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पांढऱ्या पेशी.

सगळ्यात जास्त घोळ युनिटचा होतो. माझी मावशी 52 ची, तिला आलं 66, बिचारी दोन दिवस धड जेवली नाही. रिपोर्ट बघितला तर अल्ब्युमिन 4.4, म्हणजे ग्रॅम पर डेसिलिटर, आणि मूळ फॉर्म्युल्याला हवं ग्रॅम पर लिटर, म्हणजे 44. एवढ्या एका चुकीने जवळजवळ 15 वर्षं वाढतात! आपल्याकडच्या लॅबचे आकडे बहुतेक वेळा असे बदलावे लागतात: अल्ब्युमिन गुणिले 10, क्रिएटिनिन गुणिले 88.4, ग्लुकोज भागिले 18, सीआरपी मिलिग्रॅम पर लिटरमध्ये असेल तर भागिले 10, आणि टीएलसी, म्हणजे पांढऱ्या पेशी, 7200 असेल तर 7.2 टाकायचं. काही कॅल्क्युलेटर हे स्वतःच करतात, म्हणून रकान्याशेजारचं युनिट आधी वाचा. क्रिएटिनिन 0.9 तसंच टाकलं तर उलट आठेक वर्षं कमी दिसतात, आणि ही चूक कोणी शोधायलाच जात नाही, कारण उत्तर आवडलेलं असतं.

आरडीडब्ल्यू दोन प्रकारे छापतात, सीव्ही आणि एसडी. आपल्याला सीव्ही हवा, टक्क्यांतला, साधारण 13 च्या आसपास असतो तो. सीआरपी '5 पेक्षा कमी' असा आला असेल तर अंदाजाने आकडा टाकू नका, एचएस-सीआरपी, म्हणजे कमी पातळीही नेमकी मोजणारी टेस्ट, करून घ्या.

आजारपणात काढलेलं रक्त यासाठी वापरूच नका. साधा व्हायरल ताप किंवा दाढेची सूज असली तरी सीआरपी वर जातो आणि अल्ब्युमिन खाली येतं. सीआरपी काही दिवसांत उतरतो पण अल्ब्युमिनला आठवडे लागतात, त्यामुळे बरं वाटल्यावरही महिनाभर थांबलेलं बरं.

आता आपल्याकडे घरोघरी असलेली गोष्ट, लोह आणि बी12 ची कमतरता. लोह कमी असेल तर आरडीडब्ल्यू वाढतो आणि वय जास्त दिसतं, पण त्याच वेळी एमसीव्ही कमी होतो आणि वय थोडं कमी दिसतं. बी12 कमी असेल तर एमसीव्ही वाढतो आणि वय जास्त दिसतं. म्हणजे कॅल्क्युलेटर जे म्हातारपण म्हणतोय ते गोळ्यांनी भरून निघणारं असू शकतं, तेव्हा आधी डॉक्टरांकडून त्याचा इलाज करून घ्या.

आणि हो, कुत्र्या-मांजरांचे रिपोर्ट माणसाच्या कॅल्क्युलेटरमध्ये कृपया टाकू नका. पिल्लांची हाडं वाढत असतात म्हणून अल्कलाइन फॉस्फेटेज मुळातच जास्त असतं, आपल्या वाढत्या मुलांमध्येही तसंच. म्हाताऱ्या मांजराचं क्रिएटिनिन कमी, म्हणजे छान दिसतं कारण स्नायूच झडलेले असतात, किडनी मात्र थकलेली असू शकते, म्हणून व्हेट एसडीएमए नावाची किडनीची टेस्ट सांगतात. घरातल्या सत्तरीपुढच्या बारीक झालेल्या माणसांचंही हेच होतं, क्रिएटिनिन कमी म्हणून वय कमी दिसतं, तिथे डॉक्टरांना सिस्टॅटिन सी या किडनीच्या टेस्टबद्दल विचारा.