घरगुती फराळाचा धंदा: आधी भाव काढा, मग कढई चढवा

घरच्या चकलीचं कौतुक होतं म्हणून धंदा सुरू करणाऱ्या बायका आपल्याकडे गावोगाव आहेत. दिवाळीत ऑर्डरी भरपूर येतात, तरी वर्षाअखेर हातात काही उरत नाही. बहुतेक वेळा चकली चांगलीच असते, भाव चुकलेला असतो. म्हणून सुरुवात भावापासून करा.

१. खरा खर्च मांडा

एक किलो चकलीचा हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे घाला. भाजणी, तेल, लोणी, तीळ-तिखट मिळून 190 रुपये. गॅस-वीज 20. पाव किलोच्या चार पिशव्या आणि लेबलं 20. झाले 230. पुष्कळजणी इथेच थांबतात आणि नफा झाला असं धरून चालतात.

पण दोघींनी दिवसभर बसून 10 किलो केली आणि प्रत्येकीचा 500 रुपये रोज धरला, तर किलोमागे आणखी 100 चढतात. स्वतःची मजुरी धरलीच पाहिजे. उद्या काम वाढून हाताखाली बाई ठेवावी लागली, तर तिचा पगार या भावातूनच निघायचा आहे. शिवाय पाडताना, तळताना, भरताना दहातली एखादी किलो मोडतेच, आणि तो चुरा पूर्ण भावाने कुणी घेत नाही. म्हणजे दहा किलोंचा 3300 रुपये खर्च नऊ किलोंवरच काढायचा, आणि खरा खर्च किलोला 367 च्या आसपास जातो.

आता 400 रुपये छापील किंमत ठेवून दुकानात दिली आणि दुकानदाराने 20 टक्के ठेवले, तर तुम्हाला मिळाले 320. किलोमागे 47 रुपये पदरचे गेले! किंमत 520 केली तर हाती 416 येतात आणि 49 उरतात. तुमच्या भागात 520 कुणी देत नसेल, तर दुकान सोडून थेट घरपोच विका, नाहीतर दुसरा पदार्थ निवडा.

२. कागदपत्रं

एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवीच, ती ऑनलाइन होते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते, शाकाहारी खूण, नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापा.

३. चव आणि दर्जा एकच

लिज्जत पापडाची सुरुवात 15 मार्च 1959 ला गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्यांना पैसे देणाऱ्या छगनलाल पारेख यांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या: स्वस्तातला दुय्यम माल काढू नका आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम थांबलं. पुढच्या वर्षी त्यांनी पापड बाजेवर पसरले आणि खाली शेगडी ठेवली. मला त्या सात जणींचं हेच फार मोलाचं वाटतं. अडचण आली तेव्हा त्यांनी दर्जा खाली आणला नाही, वाळवायची पद्धत बदलली. तुम्हीही भाजणीचं प्रमाण वजनकाट्यावर मोजून वहीत लिहा. ‘अंदाजे मूठभर’वर दुसऱ्या हाताला तीच चव येत नाही.

४. उधारी

चालता धंदा सगळ्यात जास्त इथे बुडतो. नफा कागदावर दिसतो, आणि पुढचा तेलाचा डबा आणायला पैसे नसतात. नव्या दुकानाला पहिला माल थोडाच आणि रोखीने द्या. जुन्या दुकानाला पुढचा माल देताना मागचं बिल वसूल करा. संकोच वाटतो, पण मागावंच लागतं. मोठ्या खरेदीदाराला माल देताना बिलावर उद्यम क्रमांक टाका. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज मागता येतं.

५. वाढवायचं कधी

दिवाळीच्या ऑर्डरी पाहून मशीनसाठी कर्ज काढू नका. फराळाची मागणी दिवाळीनंतर एकदम उतरते, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. निदान एक वर्षभर महिन्यावार विक्री लिहून काढा. सगळ्यात मंद महिन्याच्या कमाईतूनही हप्ता निघत असेल, तरच बँकेत जा.